नेमकं कुठे?

घरी केलेला गाण्याचा व्हिडिओ दाखवणारा माणूस पडद्याकडे पाहत नाही, आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. पडद्यावरचा क्षणन् क्षण त्याला पाठ असतो. आपली भुवई कुठे उंचावली, मान कुठे डोलली, नजर कुठे भरकटली, हे तो टिपत असतो. गाणं संपतं आणि प्रश्न येतो, ‘कसं झालंय?’ आपण म्हणतो, ‘छान!’ त्या एका शब्दावर त्याच्या रात्रीच्या रात्री जागून केलेल्या कामाची बोळवण होते.

आपल्या गाण्याच्या बैठकीत असं होत नाही. तिथे दाद शेवटासाठी राखून ठेवलेली नसते. गायकाने एखादी जागा घेतली की त्याच क्षणी समोरून ‘वा!’ येतं, समेवर हात आपोआप उचलला जातो. कोणता सूर कुठे पोचला, हे गाणाऱ्याला गाता गाता कळतं. व्हिडिओचं तसं नसतं. तो करणारा केव्हाच काम संपवून बसलेला असतो. म्हणून बघणाऱ्याने ती जागा लक्षात ठेवून सांगायला हवी: एक मिनिट दहा सेकंदांवर मी थबकले, दोन मिनिटांनंतर माझं लक्ष सुटलं.

माझ्या भाचीने तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ केला. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून आवाज आधी खोलीत, पंखा बंद करून घेतला. मग पडवीत जातं मांडलं, स्पीकरवर तो आवाज लावला आणि आई त्याबरोबर ओठ हलवत दळत राहिली. चित्रण मोबाइलवर, जोडणीही त्याच्यावरच.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, ‘शेवटी शेवटी काहीतरी खटकतंय बाई.’ काय ते त्यांना सांगता येईना. पण त्यांचं खटकणं खरं होतं. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रं घेईलच असं नाही, उजेडाप्रमाणे तो वेग बदलतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ आणि सूर पुढे पुढे एकमेकांना सोडतात. इथे आवाज ओठांच्या पुढे निघाला होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवू लागतो. मागे राहिला, तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. दूरचा आवाज उशिरा येण्याची कानांना जन्मापासून सवय आहे. आधी येण्याची नाही. काकूंना हे गणित ठाऊक असण्याची गरज नव्हती. दुखतं कुठे हे बघणाऱ्याने सांगावं, औषध मात्र व्हिडिओ करणाऱ्याने शोधावं.

आईची प्रतिक्रिया वेगळी होती. ती म्हणाली, ‘जात्यात दाण्यांची वैरण घालताना हात मंदावतो गं. नेमकं तिथं तू मला दाखवलंच नाहीस, झाडं दाखवलीस.’ भाचीने ते चित्र हौसेने घेतलं होतं, संध्याकाळचं ऊन पानांवर पडलेलं. तिने समर्थन केलं नाही. फक्त विचारलं, ‘कुठे, आजी?’ आणि बोट मागे सरकवत त्या ओवीपाशी आली. मला तिचा अभिमान वाटला तो इथे. सूचना ऐकताना आपण मनात उत्तर जुळवत असतो: उजेड कमी होता, हात हलला, वेळ नव्हता. ती सगळी कारणं खरी असतात, पण बघणाऱ्याला दिसतं ते फक्त चित्र.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास कलाकृतीवर बोलण्याची एक रीत बांधायला घेतली. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग करणाऱ्याने प्रश्न विचारायचे. नंतर बघणाऱ्यांनी विचारायचं, पण प्रश्नात मत न लपवता. मत सर्वांत शेवटी, आणि तेही करणाऱ्याची परवानगी घेऊन. या क्रमात मला मोठी माया दिसते. काम कुणाला तरी पोचलंय हे कळलं, की उणिवा ऐकण्याचं बळ येतं.

हे पोचणं जात्यावरच्या ओव्यांनाही ठाऊक होतं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या रचणाऱ्या बायकांपुढे श्रोत्यांची गर्दी नव्हती. जात्याच्या पलीकडे, त्याच खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा शेजारीण, एवढाच त्यांचा श्रोता. तिने ओवी उचलली, त्यात आपली भर घातली, की ती पोचली. ऐकणारीच्याही हाताला त्याच दळणाचा भार होता, म्हणून तिच्या होकाराला वजन होतं.

भाचीने झाडं काढली, आईचा मंदावणारा हात घातला, ओठ आणि सूर पुन्हा जुळवले. आता त्या ओवीत दळण दिसतं, दळणारीचा दमही दिसतो. हे पहिल्या खेपेला तिला एकटीला सुचणं शक्य नव्हतं, कारण जातं तिने कधी ओढलेलं नाही. म्हणून कुणी आपला व्हिडिओ समोर धरला, तर तो एकदा न बोलता शेवटपर्यंत पाहावा. दुसऱ्यांदा हातात घ्यावा, भिडलं तिथे थांबवावा, सुटलं तिथेही थांबवावा आणि सांगावं. त्याने आपल्या रात्री दिल्या आहेत. आपण त्याला आपले डोळे आणि कान दिले पाहिजेत.