जुने चिन्ह, नवा अर्थ

वकिलीत वीस वर्षे घालविली की माणसाला एक खोड जडते. काही नवे आले, की ‘जुन्याची व्यवस्था काय?’ हे तो आधी विचारतो. हाच प्रश्न गणिती आज्ञावलीलाही विचारावा लागतो, हे मात्र मला २०२५ च्या भाद्रपदात कळले.

आमच्या हैदराबादच्या घरी वडिलांचा महालय दशमीला असतो. तिथी काढण्याचा एक लहानसा प्रोग्राम माझ्या मामेभावाने कॉलेजात असताना पायथन भाषेत लिहून दिला होता. तो वर्षानुवर्षे पंचांगाशी बिनचूक जुळे. पुढे नवा संगणक घेतला, आणि जुना प्रोग्राम त्यावर चालेना. मामेभावाने अडलेल्या दोन ओळी दुरुस्त केल्या. यंत्र पुन्हा सुरळीत बोलू लागले. त्याने सांगितलेल्या दिवसाची वर्दी मी भटजींना देऊनही टाकली. आईने सवयीने दाते पंचांग उघडले आणि म्हणाली, “अरे, त्या दिवशी तर नवमी आहे!” वडिलांचे पान भलत्याच दिवशी मांडले गेले असते, या विचाराने मी ओशाळलो.

दोष एका चिन्हात होता. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत सातांना दोनांनी भागले की तीन येत; अपूर्णांक टाकून दिला जाई. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तेच चिन्ह साडेतीन देते. तारखेवरून दिवसांचा अखंड क्रमांक काढण्याचे प्रचलित सूत्र चौदांतून महिन्याचा अंक वजा करून बारांनी भागते, आणि अपूर्णांक गळून पडेल असे गृहीत धरते. तो गळला नाही. सप्टेंबरात जवळजवळ एका दिवसाचा फरक पडला.

बदल करणाऱ्यांनी अन्याय केला, असे म्हणवत नाही. पूर्णांकी भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचे वेगळे चिन्ह त्यांनी २००१ मध्येच दिले होते, आणि जुनी आवृत्ती २०१९ अखेरपर्यंत सांभाळली. सेज या मुक्त गणिती प्रणालीचा तर नियमच आहे, की एखादी जुनी सोय काढायची झाल्यास ती निदान एक वर्ष इशाऱ्यासह चालू ठेवावी. आमच्या हैदराबादचा हाली सिक्का असाच गेला. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये हा दर ठरला. १९५१ मध्ये तो काढणे थांबले, तरी १९५९ पर्यंत तो बाद झाला नाही. मुक्तहस्ते वाटलेल्या प्रणालीचा कर्ता आपल्या वापरणाऱ्यांना ओळखत नाही. त्याची आज्ञावली कोणाच्या देवघरापर्यंत पोचली, हे त्याला कसे कळावे? म्हणून मुदत देणे हीच त्याची सभ्यता.

परंतु नुसत्या मुदतीने भागत नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्यात ३५८ कलमे आहेत. कोणी सवयीने ‘४२०’ लिहिले, तर चूक तत्काळ उघडी पडते. ते कलमच नाही. ‘३०२’ मात्र आहे! जुन्या संहितेत ते खुनाच्या शिक्षेचे होते. नव्या संहितेत धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांचे आहे. पहिली चूक ओरडते, दुसरी गप्प बसते. मामेभावाने ओरडणाऱ्या ओळी दुरुस्त केल्या; गप्प बसलेली तशीच राहिली. नाव नाहीसे होणे त्यामानाने बरे. नाव तेच राहून अर्थ बदलणे घातक.

आता त्या ओळींत दुहेरी रेघ आली आहे. शिवाय प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर, वडील गेल्यापासूनच्या साऱ्या दशम्या मी छापील पंचांगांशी ताडून पाहतो. ती जुनी पंचांगे आईने ट्रंकेत जपून ठेवली आहेत. ‘रद्दीत दे’ म्हणून तिच्या मागे लागलो होतो तो मीच.