मागाचा खड्डा

गवंड्याने कोपऱ्यातली फरशी उचलली आणि खाली मातीने बुजवलेला खड्डा निघाला. शेजारचे चाचा डोकावून म्हणाले, "मागाचा आहे तो, बेटा. पाय खाली सोडून विणायला बसायचे."

भिवंडीतल्या निजामपुऱ्यात आजोबांच्या या जुन्या घरात मी कामाची खोली करून घेत होतो. मुंबईचं ऑफिस आता इथूनच चालवायचं. आणि टेबल जिथे ठेवणार, नेमका तिथेच कुणा मोमीन विणकराचा माग होता!

घरून काम ही नवी रीत, असं आपण समजतो. भिवंडीत ती केवढी जुनी. पुरुष मागावर, बायका कांड्या भरतायत, मागे चूल. 1930 च्या दशकात यंत्रमाग आले आणि गावाला आवाज मिळाला. आजी भांड्यांच्या फळीवर गोणपाट अंथरायची, नाहीतर पितळी पेले थरथरत काठापर्यंत सरकत. पलीकडच्या कारखान्यात धोटा अडकला की तिला जेवताजेवता कळे. घास हातात धरून ती माग पुन्हा सुरू होईपर्यंत थांबे. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांमधले भंगारात काढलेले माग इकडे येऊ लागले. गल्लीत बोलायचं तर ओरडूनच. कामगार बारा बारा तास उभे. एकाच खोलीत दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा होई. त्या उबदार अंथरुणाची आठवण आली की घरातल्या कामालाही सुटायची वेळ असावी, असं मला फार वाटतं. म्हणून खोलीला मी दार बसवलं. संध्याकाळी ते बंद होतं.

खोलीतल्या सागवानी तुळया धुऊन तेल लावून तशाच ठेवल्या. वायरी उघड्या नळ्यांतून नेल्या, भिंत फोडली नाही. कंत्राटदार सिमेंटचा गिलावा सुचवत होता. पण जुनी वीटचुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिची वाट बंद होते. ओल आतच राहते, पोपडे सुटतात, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. कामवारी नदीकाठच्या पावसाळ्यात तर हे फार लवकर होतं. चुन्याला वेळ लागतो, कित्येक दिवस पाणी मारावं लागतं. लागू दे.

जुन्या घरात राहायला जात असाल, तर रंग आणि फर्निचर नंतर निवडा. आधी भिंत खरवडून पाहा. चुन्याची निघाली, तर तिला चुनाच लावा.