अर्धा शब्द

‘बघूं’ हा आपल्या भाषेंतला मोठा सोयीचा शब्द आहे. कोणी मुलाच्या नोकरीसाठीं शिफारस मागावयास आला, कोणी मुलीच्या स्थळाविषयीं विचारलें, कोणी चार दिवसांच्या बोलीनें उसने पैसे मागितले, कीं आपल्या तोंडून ‘बघूं’ निघतें. नाहीं म्हणण्याचें धैर्य नसतें आणि हो म्हणण्याची इच्छा नसते. या दोहोंच्या मधल्या जागेंत हा शब्द मोठा ऐसपैस बसलेला असतो. बोलणारा तो दारांतच विसरतो. ऐकणारा मात्र तो घरीं घेऊन जातो, बायकोला सांगतो, त्याच्या भरंवशावर दुसरीकडचा अर्ज सोडून देतो. देणारानें कांहींच दिलेलें नसतें आणि घेणारानें पुष्कळ कांहीं खर्चून टाकलेलें असतें. हा व्यवहार घरगुती असेल तर त्यांतून फार तर मनें दुखावतात. राष्ट्राराष्ट्रांत तो झाला म्हणजे काय होतें, हा विचार गेलीं कांहीं वर्षें माझ्या मनांत घोळत आहे. आणि त्याला निमित्त झाला तो नाटोच्या वाढीचा वाद.

24 फेब्रुवारी 2022 रोजीं रशियानें युक्रेनवर चौफेर स्वारी केली, त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळच्या बैठकींत दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें असें कीं, नाटो रशियाच्या दाराकडे सरकत गेली म्हणून अस्वल खवळलें. दुसऱ्याचें म्हणणें, अस्वल खवळणारच होतें म्हणून शेजारी कुंपणाआड पळाले. सनावळी दोघांनाही सारखाच पुरवठा करते. 4 एप्रिल 1949 रोजीं वॉशिंग्टन येथें बारा राष्ट्रांनीं हा करार केला. 1952 सालीं ग्रीस व तुर्कस्तान, 1955 सालीं पश्चिम जर्मनी, 1982 सालीं स्पेन अशी त्यांत भर पडली. ज्याच्या भयानें ही संघटना जन्मली तो सोव्हिएट संघ मोडल्यावर वाढ थांबावयाची, ती उलट जोरानें चालू झाली. 1999 सालीं पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक आलीं. 2004 सालीं एकदम सात राष्ट्रें आलीं. त्यानंतर आणखी चार. आणि 2023 सालीं फिनलंड व 2024 सालीं स्वीडन. बारांचे बत्तीस झाले.

परक्या फौजेच्या संरक्षणाची गोष्ट निघाली कीं मराठी माणसाला वसई आठवते, आणि आठवावी हें योग्यच आहे. यशवंतराव होळकरांच्या धाकानें पुणें सोडलेल्या दुसऱ्या बाजीरावानें 31 डिसेंबर 1802 रोजीं तेथें इंग्रजांशीं तह केला, त्यांची फौज पदरीं घेतली, तिच्या खर्चासाठीं मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशीं त्यांच्या सल्ल्यावांचून बोलणें करणार नाहीं असें लिहून दिलें. फौज रक्षणासाठीं आली आणि मालक होऊन राहिली. 1818 सालीं पेशवाई संपली. तेव्हां एखादें लहान राष्ट्र मोठ्याच्या छत्राखालीं जातांना पाहिलें कीं माझ्या मनांत पहिला प्रश्न हाच येतो, कीं या छत्राखालून पुन्हा बाहेर पडतां येतें काय?

नाटोच्या बाबतींत इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर दिलेलें आहे. 1966 सालीं जनरल द गॉल यांनीं फ्रान्सच्या फौजा नाटोच्या एकत्रित सेनापतित्वाखालून काढून घेतल्या आणि परकीय सैनिकांना व कचेऱ्यांना देशाबाहेर जाण्यास सांगितलें. पुढच्याच वर्षीं नाटोचें बिऱ्हाड पॅरिसहून ब्रुसेल्सला हललें. पॅरिसवर कोणी रणगाडे धाडले नाहींत. याच्या उलट रशियाच्या बाजूचा वॉर्सा करार. 1956 सालीं हंगेरीनें त्यांतून बाहेर पडण्याची घोषणा केली, तेव्हां बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएट रणगाडे फिरले. 1968 सालीं चेकोस्लोव्हाकियानें बाहेर पडण्याचें नांवही काढलें नव्हतें. आपल्या घरांत थोडी मोकळी हवा येऊं द्यावी एवढेंच म्हटलें, तर मित्र म्हणविणाऱ्यांच्याच फौजा त्याच्यावर चालून गेल्या. तो संघ मोडतांच त्यांतलीं राष्ट्रें दुसऱ्या संघाच्या दारांत रांग लावून उभीं राहिलीं. त्यांना तिकडे कोणी ओढून नेलें असें म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. मॅसिडोनियाचें तर ग्रीसशीं नांवावरून भांडण होतें. तें मिटविण्यासाठीं त्या देशानें ‘उत्तर मॅसिडोनिया’ असें नवें नांव घेतलें आणि मग 2020 सालीं त्याला प्रवेश मिळाला. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलतात. पण उंबरठा ओलांडण्यासाठीं आख्ख्या राष्ट्रानें नांव बदलल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

तरीही रशियाची तक्रार निव्वळ कांगावा म्हणून उडवून लावणारांशीं माझें जमत नाहीं. फेब्रुवारी 1990 मध्यें जर्मनीच्या एकीकरणाचीं बोलणीं चाललीं असतां अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनीं गोर्बाचेव्ह यांच्यापाशीं, नाटोची हद्द पूर्वेकडे इंचभरही सरकणार नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तें बोलणें जर्मनीपुरतें होतें कीं साऱ्या पूर्व यूरोपाविषयीं होतें, यावर पंडितांत वाद आहे; तहाच्या कागदावर तें उतरलें नाहीं एवढें खरें. पण 1812 सालीं नेपोलियन आणि 1941 सालीं हिटलर ज्या देशावर पश्चिमेकडूनच चालून आले, त्यानें असे उद्गार विसरूं नयेत यांत नवल नाहीं. रशियाला आवरून धरण्याचें धोरण ज्यांनीं प्रथम मांडलें त्या जॉर्ज केनन यांनींच नव्वदी ओलांडल्यावर, 1997 सालीं, नाटोची वाढ ही अमेरिकेची अत्यंत घातक चूक ठरेल असें लिहिलें. अशा माणसाचा इशारा हलकेपणानें घेतां येत नाहीं. परंतु भीति खरी असली तरी तिच्या पोटीं तिसऱ्याच्या घरावर हक्क उत्पन्न होत नाहीं. शेजारचा कुत्रा भयंकर वाटतो त्यानें आपलें कुंपण उंच करावें; शेजाऱ्याचें घरच आपल्या नांवावर करून मागूं नये.

या भीतीचा इतिहास फिनलंडला जितका ठाऊक आहे तितका क्वचितच कोणाला असेल. 30 नोव्हेंबर 1939 रोजीं सोव्हिएट फौजा त्याच्यावर चालून आल्या. राष्ट्रसंघानें सोव्हिएट संघाला सभासदत्वावरून काढून टाकलें. फौज मात्र कोणत्याही सरकारनें धाडली नाहीं. एकशें पांच दिवस झुंजून त्या चिमुकल्या राष्ट्रानें सुमारें दशांश मुलूख गमावला, पण स्वातंत्र्य राखलें. पुढें सुमारें 1,340 किलोमीटरांची सरहद्द उशाशीं घेऊन तें दशकानुदशकें जपून वागत आलें. नाटोंत जावें असें म्हणणारांचें तेथें 2022 पर्यंत अल्पमत होतें. मग युक्रेनवरील स्वारी झाली, आणि मे महिन्यांत तेथील लोकसभेनें 188 विरुद्ध 8 मतांनीं अर्ज करण्याचें ठरविलें. या देशाला पश्चिमेनें ओढलें नाहीं, पूर्वेनें ढकललें.

आमच्याच आळींतली एक मुलगी त्या वेळीं खारकीव्हला वैद्यकी शिकत होती. महाराष्ट्रांतून अशीं पुष्कळ मुलें तिकडे गेलेलीं होतीं. तळघरांत रात्री काढून, तुडुंब भरलेल्या आगगाडीनें देशाच्या पश्चिम टोंकाला येऊन, कडाक्याच्या थंडींत पायीं चालत ती पोलंडच्या हद्दींत शिरली. परत आल्यावर तिनें सांगितलेल्या हकीकतींतली एकच गोष्ट माझ्या मनांत रुतून बसली आहे. हद्दीच्या अलीकडे आकाशांत आवाज झाला कीं सगळे खालीं वांकत. पलीकडे गेल्यावर कोणी वर पाहीना. झाडें तींच, बर्फ तेंच. “काका, तिकडे आकाशच वेगळें होतें,” असें ती म्हणाली. पोलंड 1999 पासून नाटोंत आहे आणि युक्रेन नाहीं, एवढाच त्या दोन आकाशांतला फरक. आमच्या बैठकींतल्या वर्षभराच्या वादानें मला जें कळलें नव्हतें, तें त्या पोरीच्या वाक्यानें कळलें.

पण हें वेगळें आकाश कशाचें बनलेलें असतें? कराराचें पांचवें कलम म्हणतें कीं एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला समजावा. आणि लगेच पुढें म्हणतें कीं प्रत्येक राष्ट्रानें आपणांस जरूर वाटेल ती कारवाई, सैन्याच्या वापरासुद्धां, करावी. ‘जरूर वाटेल ती’ या शब्दांत सारा प्रश्न सांठवला आहे. एस्टोनियांत नार्वा नांवाचें गांव आहे. नदीच्या या तीरावर त्याचा किल्ला, त्या तीरावर रशियाचा इव्हानगोरोद किल्ला. दोघे एकमेकांकडे टक लावून उभे. गांवांत बहुतेक लोक रशियन बोलणारे. त्या गांवासाठीं पोर्तुगालमधल्या आईनें आपला मुलगा धाडावयाचा, असा त्या कलमाचा अर्थ आहे. तें कलम आजवर एकदांच पुकारलें गेलें, आणि तेंही 2001 सालच्या सप्टेंबरांत, सर्वांत बलाढ्य अशा अमेरिकेवरील हल्ल्यानंतर. पुढें अफगाणिस्तानांत जे सैनिक पडले त्यांत त्याच एस्टोनियाचे जवानही होते. लहानांनीं शब्द पाळला. तो पाळण्याची खरी तयारी नसली म्हणजे काय होतें, हें 1939 सालीं पोलंडनें पाहिलें. इंग्लंड व फ्रान्स यांनीं हमी दिली होती. हिटलर चालून येतांच त्यांनीं युद्ध पुकारलेंही. पण पोलंड चिरडला जाईपर्यंत जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीवर जवळजवळ शुकशुकाट होता.

पोलंडच्या हमींत निदान शब्द तरी पुरा होता. एप्रिल 2008 मध्यें बुखारेस्टच्या परिषदेंत तोही अर्धा झाला. युक्रेन व जॉर्जिया यांना प्रवेशाच्या तयारीची पहिली पायरी द्यावी असें अमेरिकेचें मत. जर्मनी व फ्रान्स यांचा विरोध. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं, हे दोन देश सभासद होतील असें जाहीर करावयाचें, पण केव्हां तें सांगावयाचें नाहीं, आणि ती पहिली पायरीही द्यावयाची नाहीं. मुत्सद्द्यांना ही तडजोड चतुर वाटली असेल. मला तिच्यांत तोच घरगुती ‘बघूं’ ऐकूं येतो. मॉस्कोला त्यांत ‘हो’ ऐकूं आलें, कीव्हलाही ‘हो’ ऐकूं आलें, आणि संकटाच्या दिवशीं त्याचा अर्थ ‘नाहीं’ असा निघाला. त्याच वर्षीं ऑगस्टांत जॉर्जियांत लढाई झाली, 2014 सालीं क्रिमिया गेला, 2022 सालीं सारा युक्रेन पेटला. या सगळ्याचें मूळ त्या एका वाक्यांत आहे असें मी म्हणत नाहीं. आक्रमणाचें पाप आक्रमकाचेंच. पण त्या वाक्यानें शत्रूला निमित्त दिलें आणि मित्राला ढाल दिली नाहीं. युक्रेनच्या पदरीं पडलेला तो पहिला अर्धा शब्दही नव्हता. 5 डिसेंबर 1994 रोजीं बुडापेस्ट येथें, त्यानें अण्वस्त्रें सोडून देण्याच्या बदल्यांत, रशिया, अमेरिका व इंग्लंड यांनीं त्याच्या सरहद्दींचा मान राखण्याचें आश्वासन दिलें होतें. त्या इंग्रजी मजकुरांत ‘हमी’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे.

तेव्हां नाटोनें वाढावें कीं वाढूं नये, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. दहाव्या कलमाप्रमाणें नव्या सभासदाला सर्वांच्या एकमतानेंच बोलावतां येतें. तुर्कस्तान व हंगेरी यांनीं स्वीडनला जवळजवळ दोन वर्षें दारांत तिष्ठत ठेवलें, तेव्हां या नियमाची पुष्कळ थट्टा झाली. पण तो अवधि घासाघिशींत न घालवितां प्रत्येक राष्ट्रानें स्वतःला एकच प्रश्न विचारला तर तो नियम सोन्याचा आहे: याच्यासाठीं आपण आपलीं मुलें धाडूं काय? उत्तर ‘हो’ असेल तर बाहेरच्या कोणाच्या डोळे वटारण्याला न जुमानतां त्याला आंत घ्यावें. ‘नाहीं’ असेल तर तें तोंडावर सांगावें. स्पष्ट नकारानें राष्ट्रें मरत नाहींत. फिनलंड इतकीं वर्षें कोणाच्याही हमीवांचून जगला, कारण कोणी येणार नाहीं हें त्यानें गृहीत धरलें होतें. म्हणून त्यानें सक्तीचें लष्करी शिक्षण मोडलें नाहीं आणि शहराशहरांच्या पोटांत आश्रयाचीं भुयारें खोदून ठेवलीं.

आमच्या बैठकींतल्या एका वृद्ध स्नेह्यांना हें पटत नाहीं. ते म्हणतात, राजकारणांत थोडें धूसर बोलावेंच लागतें; सगळें स्पष्ट बोललें तर शत्रूला आपली मर्यादा कळते. त्यांत तथ्य आहे. शत्रूला ती कळूं नये हें ठीक. पण जो आपल्या भरंवशावर उभा राहणार आहे त्याला ती सर्वांआधीं कळली पाहिजे, कारण पहिला बॉम्ब त्याच्या घरावर पडावयाचा असतो.