थट्टेची शिस्त

विडंबन म्हणजे टवाळी, अशी पुष्कळांची समजूत असते. मला अशा वेळीं ‘पॅरोडियस’ हा जपानी खेळ आठवतो. कोनामी कंपनीनें १९८५ सालीं ‘ग्रेडियस’ हा अंतराळयुद्धाचा गंभीर खेळ काढला आणि १९८८ मध्यें स्वतःच त्याची थट्टा आरंभिली! शूर विमानाच्या जोडीला ऑक्टोपस नि पेंग्विन लढूं लागले. घरगुती संगणकावर जन्मलेला हा विनोद १९९० मध्यें खेळघरांत गेला आणि १९९२ मध्यें सुपर फॅमिकॉम यंत्रावरून पुन्हां घरीं परतला. समोर मांजरमुखी जहाज येतें, चायकॉव्हस्कीचे सूर वाजतात. पण हंसतां हंसतां हात ढिला पडला कीं प्राण गेलाच! मूळ खेळाची शिस्त कायम असते. ज्याला मूळ कृति मनापासून आवडते, त्यानेंच तिचें विडंबन करावें.