आजोबांचा रेडिओ

आमच्या सोलापूरच्या घरीं आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. ३० जानेवारी १९४८ ची दुःखवार्ता घरानें त्याच्यावरच ऐकली. परवां लावला, तों सुराऐवजीं नुसती घरघर!

“कंडेन्सर सुकले, सर,” कारागीर म्हणाला. “आंतला ओलावा आटला, कीं विजेची लहर सपाट होत नाहीं.” रेडिओ बंद केल्यावरहि त्यांत प्राणघातक वीज उरते, म्हणून त्यानें ती आधीं रेझिस्टरमधून वाहूं दिली, मग नवे कंडेन्सर डाकले. आवाज लख्ख उमटला.

मनांत आलें, आंतून बदललेला हा रेडिओ आजोबांचाच का? पण न बदलतां घरघरत राहणें ही कांहीं निष्ठा नव्हे. रात्रीं मीं तीस वर्षांपूर्वींची अध्यापनाची टिपणवही उघडली. तिचीहि घरघर आतां मला स्पष्ट ऐकूं येत होती.