ऊन आणि औषध

आमच्या पंढरपुरास उन्हाची वाण कधीच पडत नाही. वैशाखात चंद्रभागेचे वाळवंट इतके तापते की, अनवाणी पाऊल ठेववत नाही. तथापि तेथून हाकेच्या अंतरावरील अरुंद बोळांत अशी घरे आहेत की, जेथे भर दुपारीही दिव्यावाचून पुस्तक वाचता येत नाही.

अशाच एका घरी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला विचारले, "मास्तर, थोरल्याला क्षयाची औषधे सुरू होऊन दोन महिने झाले. खोकला थांबला. आता ती बंद करून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तर चालेल ना? त्या उन्हाच्याच गोळ्या म्हणतात." या प्रश्नात सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच मला त्याचे भय वाटले.

सत्याचा अंश तो असा. सूर्यकिरण अंगावर पडले की, त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. बंद काचेतून आलेल्या उन्हाने हे कार्य होत नाही. रोगजंतूंना गिळणाऱ्या आपल्या रक्षक पेशी या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक द्रव्य निर्माण करतात, असे २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले.

उन्हावरील विश्वास मात्र याहून जुना आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार योजणारे डेन्मार्कचे डॉ. फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, आणि पुढे जवळच वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. क्षयावर खात्रीचे औषध नव्हते त्या काळी अशा आरोग्यधामांतून मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार यांवरच भिस्त असे. कित्येकांस त्याने गुण येई; परंतु कित्येक दगावतही. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला, तेव्हा कोठे औषधांचे युग सुरू झाले.

मग गोळ्यांचे काय? मंगोलियात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना तीन वर्षे ड जीवनसत्त्व देऊन पाहिले; २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, त्यायोगे क्षयाचा संसर्ग टळला नाही. सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनविकारांत थोडा लाभ होतो, असे २०१७ सालच्या एका मोठ्या एकत्रित परीक्षणात दिसले होते. परंतु २०२५ सालच्या अधिक विस्तृत परीक्षणात तो निश्चितपणे सिद्ध झाला नाही. शिवाय या गोळ्यांचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. म्हटले, "ऊन हे शरीराचे अन्न आहे, औषधाची जागा ते घेऊ शकत नाही. खोकला थांबला तरी जंतू उरलेले असतात. औषध मध्येच सोडले, तर ते पुन्हा बळावतात आणि मग त्याच औषधांना दाद देत नाहीत." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्या मुलाने सहा महिन्यांचा क्रम पुरा केला, आणि आज तो कामावर जातो.

विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुट्टीत वर्गात बसून न राहता मैदानावर या. घराच्या खिडक्या उघड्या ठेवा. मात्र घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्यास उन्हात बसवून स्वस्थ राहू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. तेथे त्यास घेऊन जाण्याइतके तुम्ही खचित मोठे झाला आहात.