चिकुनगुनिया आणि कोंबडीचा शोरवा

आजारी माणसाला कोंबडीचा शोरवा द्यावा, हे आमच्या घरी कोणी कोणाला मुद्दाम शिकवलेले नाही. पण २००६ सालच्या पावसाळ्यात याच शोरव्यावरून आमच्या घरात वाद झाला. ती गोष्ट विद्यार्थी मित्रांना सांगावीशी वाटते.

तेव्हा आपले तलमडुगु आंध्र प्रदेशात होते. त्या वर्षी चिकुनगुनियाची मोठी साथ आली. देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्राला तिचा फार त्रास झाला. आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस अंथरुणाला खिळलेला. बाबांना ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्याचा पेला हातात धरवेना. मनगटे, गुडघे, बोटे, सगळे सांधे धरलेले. दोन दिवस पोटात अन्न नाही. शेतात कपाशीचे निंदण खोळंबलेले.

आजीने दारातली गावरान कोंबडी धरली, तोच शेजारच्या काकू धावत आल्या. "आत्याबाई, रोगाच्या नावातच चिकन आहे, अन् तुम्ही तेच खाऊ घालता?"

हसू नका. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. लोक आधीच धास्तावलेले, त्यात हे नाव. वास्तविक या नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही. ते टांझानियातल्या माकोंडे भाषेतले आहे. सांधेदुखीने माणूस वाकून जातो, असा त्याचा अर्थ. १९५२ साली हा रोग तिथे प्रथम ओळखला गेला. हे आम्हाला फार नंतर कळले. तेव्हा आम्ही भावंडे काकूंच्याच बाजूची होतो. आई गप्प राहिली. बाबांनी भिंतीकडे तोंड केले.

आजी एवढेच म्हणाली, "पाच महिने ही माझ्या दारात दाणे टिपते. हिला रोग असता तर मला दिसला नसता का?"

तिने कोंबडी साफ करून चुलीच्या जाळावर वरून भाजून घेतली, हाडांसकट तुकडे केले. गंजात जरासे तेल, ठेचलेले आले-लसूण, कांदा, हळद, सात-आठ काळी मिरी आणि मीठ. तिखट नाही, मसाला नाही. गंजावर ताट झाकून ताटात पाणी ठेवले. ते तापले की आत ओतायचे आणि ताटात पुन्हा गार पाणी घालायचे. गावरान कोंबडीला दीड तास सहज लागतो. मांस हाडापासून सुटले की उतरवायचे. (ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते, पण आजी त्या रसाला पाणीच म्हणायची.) वरचा तवंग तिने पळीने काढून टाकला.

मग बाबांसमोर बसून आधी आजीनेच वाटीभर शोरवा प्यायला. बाबा पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आण." वाटी आम्ही धरली, कारण त्यांना धरता येत नव्हती. चार घोट गेले, मग ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा त्यात भिजवून दिला.

शोरव्याने चिकुनगुनिया बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. बाबांचे सांधे दिवाळीपर्यंत दुखत होते. पण तापात पाणी आणि मीठ पोटात जाणे फार गरजेचे, आणि गरम शोरव्याने चोंदलेले नाक मोकळे होते. ते अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली मोजूनही पाहिले.

आठवडाभराने आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. त्यांनी आमच्या अंगणातल्या रांजणात बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला बोलावले. तळाशी अळ्या वळवळत होत्या. चिकुनगुनिया पसरवणारा डास दिवसा चावतो आणि अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. काकूही पाहायला आल्या होत्या. काही न बोलता घरी गेल्या आणि त्यांनी आपला रांजण उपडा केला.

त्यानंतर आजी तापाने पडली. या वेळी शोरवा आम्ही केला, ताट झाकून, तिच्यासारखाच. आजीने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." आई हसली. आजीच्या तोंडाची चव अजून गेली नव्हती.